फायबर लेझर, छोट्या पल्स आणि लांबून इमेजिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पल्स्ड फायबर लेझर जुळवते, मुख्यतः लायडारसाठी (लेझरची पल्स जाऊन परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर मोजणारं यंत्र). इंजिनिअरिंगची पोरं प्रोजेक्टच्या वेळी विचारतात, ड्रोन सर्व्हेवाले विचारतात, कधी कॉलेजातले सर-मॅडम पण, आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात म्हणून एकदाचे नीट लिहून काढले. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढे किचकट होत जातात. एका उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय तिथे तो जाऊन वाचा.

१. फायबर लेझर म्हणजे नेमकं काय? घरी इंटरनेटची फायबर येते तीच का?

काच तीच, सिलिका. इंटरनेटची फायबर नुसता प्रकाश वाहून नेते, लेझरच्या फायबरच्या गाभ्यात मात्र थोडं यटर्बियम, अर्बियम किंवा थुलियम यांसारखं मूलद्रव्य मिसळलेलं असतं. पंप डायोडचा (ऊर्जा पुरवणाऱ्या छोट्या लेझरचा) प्रकाश आत सोडला की हे अणू ऊर्जा धरून बसतात, आणि मागून छोटी पल्स आली की ती ऊर्जा तिला देऊन टाकतात, पल्स मोठी होऊन बाहेर पडते. कल्पना जुनी आहे, मायमनचा पहिला रुबी लेझर मे १९६० चा आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत एलियास स्निट्झरने फायबरमध्ये हे करून दाखवलं होतं. पण खरी गाडी सुटली १९८७ नंतर, जेव्हा साउथहॅम्प्टनला डेव्हिड पेन यांच्या गटाने अर्बियम फायबर अ‍ॅम्प्लिफायर दाखवला आणि पुढे टेलिकॉमवाल्यांनी तो समुद्राखालच्या केबलींत घातला. आज आयसोलेटर (प्रकाशाला एकाच दिशेने जाऊ देणारा), कपलर (प्रकाश वाटणारा किंवा एकत्र करणारा), डायोड आपल्या बजेटमध्ये बसतात ते त्या टेलिकॉमच्या पुण्याईवर.

२. "शॉर्ट पल्स" म्हणजे किती शॉर्ट? नॅनो, पिको, फेम्टो सगळ्यालाच शॉर्ट म्हणतात.

नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग, पिको त्याचा हजारावा, फेम्टो पिकोचा हजारावा. प्रकाश १ नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो. लायडारमध्ये जाऊन परत यायचं असतं म्हणून १ नॅनोसेकंदाची पल्स म्हणजे अंतरात १५ सेंटिमीटर, एवढं एक गणित डोक्यात ठेवलं की बाकी सगळं त्यातून निघतं. ५ नॅनोसेकंद म्हणजे ७५ सेंटिमीटर, १०० पिकोसेकंद म्हणजे दीड सेंटिमीटर. एकमेकांच्या मागे असलेल्या दोन वस्तू यापेक्षा जवळ असतील तर त्यांचे प्रतिध्वनी एकात एक मिसळतात. (एकटीच कडक सपाट भिंत असेल तर तिचं अंतर पल्सच्या लांबीपेक्षा पुष्कळ अचूक काढता येतं, ती वेगळी गोष्ट, तिथे सिग्नल किती स्वच्छ आहे त्यावर ठरतं.) लांबून इमेजिंगच्या बहुतेक कामांना साधारण १०० पिकोसेकंद ते ५ नॅनोसेकंद हा पट्टा लागतो. फेम्टोसेकंद ऐकायला भारी वाटतं पण त्याचा फायदा उचलणारा डिटेक्टर तुमच्याकडे नसेल तर काही उपयोग नाही.

३. लेझर तर एक ठिपका टाकतो, मग इमेज कशी बनते?

तीन रस्ते. पहिला, ठिपका आरशाने फिरवायचा आणि प्रत्येक ठिकाणचं अंतर मोजून पॉइंट क्लाउड (टिंबांचा त्रिमितीय नकाशा) बनवायचा, ड्रोनवरचे लायडार हेच करतात. दुसरा, पल्सने सगळं दृश्य एकदम उजळायचं आणि कॅमेऱ्याचं शटर परतीच्या प्रकाशाच्या वेळेलाच काही नॅनोसेकंद उघडायचं, म्हणजे मधलं धुकं, फांद्या वगैरे दिसतच नाही, याला गेटेड इमेजिंग म्हणतात. तिसरा, एकेक फोटॉन मोजून हजारो पल्सचा हिशोब मांडायचा, त्याबद्दल प्रश्न १६ मध्ये. लेझरची मागणी तिन्हीत वेगळी असते. स्कॅनिंगला भरपूर पल्स हव्यात, गेटेडला एकेक पल्स दणदणीत हवी, फोटॉन मोजणाऱ्याला पल्स बारीक आणि वेळेची पक्की हवी.

४. क्रिस्टलचे लेझर इतकी वर्षं चाललेत, मग फायबरच कशाला?

सगळीकडे फायबर पाहिजे असं मी म्हणत नाही. चांद्रयान-१ वर २००८ मध्ये चंद्राची उंची मोजणारं जे यंत्र गेलं त्यात निओडिमियम-याग क्रिस्टलचा लेझर होता, १० मिलिज्यूलची पल्स, सेकंदाला १०. शंभर किलोमीटरवरून मोजायला एकेक पल्स तशी तगडीच लागायची, त्या कामाला तेव्हा फायबर पुरली नसती. २०१८ साली गेलेल्या आइससॅट-२ मध्ये सेकंदाला १० हजार पल्स आहेत, तोही क्रिस्टलचाच.

फायबरचा जोर कुठे, तर पल्स लहान (मायक्रोज्यूलमध्ये) पण सेकंदाला लाखो. शिवाय सगळं स्प्लाइस करून (फायबरची टोकं वितळवून जोडून) एकसंध केलं की आत हलायला आरसाच नसतो, अलाइनमेंट बिघडायचा प्रश्न मिटतो, फायबर लांब आणि बारीक म्हणून उष्णता बाजूने सहज निघते, आणि बीम आपोआप गोल सुंदर येतो. ड्रोन, गाडी, पाठीवरची सॅक, जिथे धक्के आहेत आणि वजन मोजूनमापून आहे तिथे फायबर.

५. लेझरची तरंगलांबी १०६४ घेऊ की १५५० नॅनोमीटर?

१०६४ (यटर्बियम) मध्ये पंपच्या प्रकाशातला ७० टक्क्यांच्या वर हिस्सा बाहेर काढता येतो, १५५० मध्ये (अर्बियम-यटर्बियम एकत्र असलेली फायबर) साधारण तिसरा हिस्सा. म्हणजे बॅटरी आणि उष्णता दोन्हीत १०६४ जिंकतो. तरी बाहेर माणसांत वापरायचं असेल तर मी १५५० सांगते, कारण डोळा. १०६४ चा प्रकाश डोळ्याच्या भिंगातून थेट पडद्यावर एका टिंबात गोळा होतो, आणि तो दिसत नाही म्हणून पापणीही मिटत नाही. १५५० चा प्रकाश डोळ्याच्या पुढच्या भागातल्या पाण्यातच शोषला जातो, त्यामुळे एका पल्समध्ये परवानगी असलेली ऊर्जा हजारो पटींनी जास्त आहे.

याचा अर्थ १५५० निरुपद्रवी असा काढू नका. कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये डोळ्यासारखं पाणी नसतं. जानेवारी २०१९ मध्ये लास वेगासच्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रदर्शनात एकाने १५५० च्या लायडारचा फोटो काढला आणि त्याच्या कॅमेऱ्याचा सेन्सर जळाला. लॅबमध्ये मोबाइलने बीमकडे बघणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते.

डिटेक्टरचं पण बघा, सिलिकॉनचा डिटेक्टर १५५० ला आंधळा असतो, तिथे इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा लागतो आणि तो महाग.

६. आधी काय घेऊ, पंप डायोड की फायबर? बजेट थोडं आहे.

काहीच घेऊ नका. आधी काय बघायचंय ते ठरवा. हा माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा मुद्दा आहे. लोक लेझरपासून सुरू करतात आणि मग त्याला काम शोधतात. वस्तूपासून सुरू करून उलटं यायचं असतं.

उदाहरण घ्या. सह्याद्रीतल्या एखाद्या डोंगरउतारावर तडे, खचलेली जमीन शोधायचीय. माळीणला ३० जुलै २०१४ ला आणि इर्शाळवाडीला १९ जुलै २०२३ च्या रात्री काय झालं ते आपल्या सगळ्यांना माहितीय, वर झाडी असली की खालच्या जमिनीचा आकार नुसत्या फोटोत कळत नाही, म्हणून लायडार. आता उतारावर कारवी आहे, पुरुषभर उंच, खाली अजून कमरेएवढं काहीतरी. मोठ्या झाडाचा शेंडा आणि जमीन वेगळी करायला ५ नॅनोसेकंद चालतील, पण गुडघाभर झुडूप आणि जमीन वेगळी करायची तर ५ नॅनोसेकंदांची ७५ सेंटिमीटरची पल्स दोन्ही एकात मिसळून देईल आणि तुमचा तडा त्या झुडपात हरवेल. म्हणून २ नॅनोसेकंद किंवा कमी. पल्सची लांबी झुडपाने ठरवली, कॅटलॉगने नाही.

मग ऊर्जा. ड्रोन ५०० मीटरवरून बघतोय, परतीचा प्रकाश गोळा करणारी लेन्स ५ सेंटिमीटरची, जमीन १० टक्केच प्रकाश परतवते असं धरा. १५५० ची १० मायक्रोज्यूलची पल्स म्हणजे साधारण ७.८ वर १३ शून्यं एवढे, म्हणजे ७८ लाख कोटी फोटॉन. त्यातले लेन्सवर परत येतात फक्त १९-२० हजार. काचा, फिल्टर, हवा यात निम्मे गेले तरी १० हजार उरतात, आणि ठिपक्यातला ५ टक्केच भाग पानांच्या फटीतून जमिनीपर्यंत पोचला तर जाताना आणि येताना मिळून काही शे किंवा काही दशकंच जमिनीचे. एवढ्यात तुमचा डिटेक्टर ओळखेल का, हे आधी कागदावर काढा. ओळखत असेल तर १० मायक्रोज्यूल बस, उगाच ५० च्या मागे लागू नका, कारण पुढची सगळी दुखणी (प्रश्न ९ ते ११) तिथूनच सुरू होतात.

अजून एक, जी झाडं पानगळीची आहेत तिथे मार्च-एप्रिलमध्ये उडवा. कुठल्याही लेझरपेक्षा हा फरक मोठा पडतो.

७. पहिली छोटी पल्स कुठून आणायची?

नॅनोसेकंद हवे असतील तर साधा डीएफबी डायोड (एकाच तरंगलांबीचा छोटा लेझर डायोड) घ्या आणि त्याला करंटचा झटका द्या. पाहिजे तेव्हा पल्स, पाहिजे तो रेट, पाहिजे तेवढी लांबी. मी दहातल्या आठ वेळा हेच करते. मायक्रोचिप लेझर स्वतःहून तगडी पल्स देतो पण आपोआप सुटणाऱ्या प्रकारात ती कधी सुटेल ते नक्की सांगता येत नाही, म्हणून बाहेर पडतानाच एका फोटोडायोडने तिची वेळ टिपावी लागते.

पिकोसेकंद आणि खाली जायचं असेल तर मोड-लॉकिंग (लेझरच्या आतल्या लहरींची चाल जुळवून बारीक पल्स काढणं). इथे एक कळकळीची सूचना. पोलरायझेशन (प्रकाशलहरीच्या कंपनाची दिशा) फिरवून मोड-लॉक करणारी रिंग सगळ्यात स्वस्त आणि इंटरनेटवर सगळ्यात जास्त सापडते, टेबलावर चालतेही छान, पण खोलीचं तापमान दोन अंश बदललं की सुटते. बाहेर न्यायचं असेल तर पोलरायझेशन जपणारी फायबर आणि सेमिकंडक्टरचा शोषक आरसा, किंवा ९ आकड्यासारखी दिसणारी लूपची रचना, यावर पैसे घाला.

८. सीड (पहिली छोटी पल्स) ०.१ नॅनोज्यूलची आहे, १० मायक्रोज्यूल पाहिजेत. एकाच मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरने होईल का?

नाही. हे एक लाख पट आहे, म्हणजे ५० डीबी. एवढं गेन (प्रकाशाची वाढ) एकाच तुकड्यात ठेवलं की फायबर तुमच्या पल्सची वाट बघत नाही, स्वतःच्याच भरकटलेल्या प्रकाशाला वाढवत बसते. त्याला एएसई म्हणतात. म्हणून दोन-तीन पायऱ्या करायच्या, प्रत्येक पायरीच्या मध्ये आयसोलेटर आणि अरुंद फिल्टर. पहिल्या पायऱ्या साध्या सिंगल मोड फायबरच्या (प्रकाशाला गाभ्यातून जायची एकच तऱ्हा असलेल्या), शेवटची दुहेरी क्लॅडिंगची (गाभ्याभोवती दोन थर असलेली), जिच्यात पंप बाहेरच्या जाड थरात सोडतात आणि तो हळूहळू गाभ्यात शोषला जातो (ही युक्तीही स्निट्झरच्याच गटाची, १९८८). फिल्टरवर पैसे वाचवणाऱ्यांना नंतर प्रश्न १३ विचारावा लागतो.

९. पॉवर वाढवत नेली की एका जागेनंतर स्पेक्ट्रमला (कुठल्या तरंगलांबीला किती प्रकाश त्याच्या आलेखाला) लांब तरंगलांबीकडे वेगळाच ढिगारा येतो. डायोड खराब आहे का?

डायोड बरा आहे, तो रमण आहे. आपले चंद्रशेखर वेंकट रमण, २८ फेब्रुवारी १९२८, ज्याच्यासाठी आपण विज्ञान दिन पाळतो तोच परिणाम. गाभ्यात पीक पॉवर (पल्स चालू असतानाची पॉवर, सरासरी नाही) जास्त झाली की काचेचे रेणू प्रकाशातली थोडी ऊर्जा काढून घेतात आणि उरलेला प्रकाश लांब तरंगलांबीवर सरकतो, १०६४ वरून साधारण १११६ वर. तुमच्या डिटेक्टरपुढचा फिल्टर तो अडवतो, म्हणजे लेझर पॉवर देतोय आणि लायडारला ती दिसत नाही.

२ नॅनोसेकंदांत १० मायक्रोज्यूल म्हणजे पीक पॉवर ५ किलोवॅट, आणि ती जाते केसापेक्षा कितीतरी बारीक गाभ्यातून! ढोबळ हिशोब असा की १०६४ ला ८० चौरस मायक्रॉन क्षेत्राची, ३ मीटर लांब फायबर साधारण ४ किलोवॅटला रमणच्या हद्दीत येते. क्षेत्र ३५० चौरस मायक्रॉन केलं तर ती हद्द १८-१९ किलोवॅटवर जाते. लांबी निम्मी केली तर हद्द दुप्पट. १५५० ला थोडी जास्त सूट मिळते. अ‍ॅम्प्लिफायरच्या आत पल्स शेवटी शेवटीच मोठी होते म्हणून तिथे जरा दिलासा, पण शेवटच्या स्प्लाइसपासून कॉलिमेटरपर्यंतची (बीम समांतर करणाऱ्या लेन्सपर्यंतची) नुसती वाहून नेणारी फायबर पूर्ण लांबीची मोजावी लागते, आणि तीच लोक सैल हाताने मीटरभर सोडून देतात. ती कापा. ३० सेंटिमीटर पुरते.

स्पेक्ट्रम दोन्ही बाजूंनी सारखा रुंद होत असेल तर ते रमण नाही, पल्स स्वतःचीच फेज बदलतेय. साध्या अंतर मोजणाऱ्या लायडारला ते फार बाधत नाही. ब्रिलुआँ नावाचं तिसरं प्रकरण अरुंद रेषेच्या आणि लांब पल्सना त्रास देतं, साधारण १० नॅनोसेकंदांपेक्षा बऱ्याच छोट्या पल्सना त्याला उभं राहायला वेळच मिळत नाही.

१०. मग फायबर आखूड कशी करू? आखूड केली तर पंप शोषला जात नाही.

इथेच खरी ओढाताण आहे. यटर्बियम ९७६ नॅनोमीटरला ९१५ च्या साधारण तिप्पट शोषतं, म्हणजे ९७६ च्या पंपने फायबर तिसऱ्या हिश्श्याची पुरते. पण ९७६ ची शोषणाची शिखर अगदी निमुळती आहे, आणि पंप डायोडची तरंगलांबी दर अंशाला साधारण ०.३ नॅनोमीटर सरकते. सकाळी ७ ला गार हवेत उडवलं आणि दुपारी १ ला विदर्भातल्या उन्हात उडवलं तर पंप शिखरावरून घसरलेला असतो, शोषण पडतं आणि न शोषलेला पंप पुढे जाऊन काहीतरी तापवतो. ९१५ किंवा ९४० चा पट्टा रुंद, तिथे तापमानाचं टेन्शन नाही पण फायबर लांब आणि रमण दारात.

माझा कल ९७६ कडे आहे, पण तरंगलांबी ग्रेटिंगने (बारीक रेघांच्या, रंग वेगळे करणाऱ्या भागाने) जखडलेला डायोडच घ्या. साधा घेतला तर त्याला थंड ठेवणारा टीईसी लेझरपेक्षा जास्त बॅटरी खाईल.

११. जाड गाभ्याची फायबर घेतली तर सगळं सुटेल ना?

रमण सुटेल, बॉक्स मोठा होईल. गाभा जाड केला की फायबर घट्ट गुंडाळता येत नाही. २५ मायक्रॉन गाभ्याची फायबर मी १० सेंटिमीटरच्या आसपासच्या व्यासात गुंडाळते, हवी ती वाकण थोडी फायद्याचीच असते कारण नको असलेले मोड (प्रकाश गाभ्यातून जायच्या तऱ्हा) त्यात गळून जातात, पण व्यास फारच कमी केला तर हवा तो मोडही गळतो आणि आकारही दबतो. साधी टेलिकॉमची पातळ फायबर ५-६ सेंटिमीटर व्यासात आरामात बसते. म्हणजे "कॉम्पॅक्ट" चा हिशोब शेवटी फायबरच्या लांबीवर नसतोच, गुंडाळीच्या व्यासावर आणि उष्णता बाहेर काढणाऱ्या पट्टीवर असतो. मी आधी ॲल्युमिनियमच्या पट्टीत खोबण काढून घेते, फायबर तिच्यात बसवते आणि मग त्या पट्टीभोवती बॉक्स. उलटं केलं की कुठेतरी एक फायबर कोपऱ्यात दुमडते.

१२. रेप रेट (सेकंदाला किती पल्स) वाढवला की पॉइंट जास्त. किती वाढवू?

पहिली पल्स परत यायच्या आत दुसरी सुटली तर परतीची नेमकी कुठली ते कळत नाही. १ लाख हर्ट्झला ही हद्द १.५ किलोमीटर, २ लाखला ७५० मीटर, १० लाखला १५० मीटर. यातून वाट आहे, पल्समधलं अंतर मुद्दाम थोडं थोडं बदललं की कुठली कोणाची ते सॉफ्टवेअरला ओळखता येतं, पण तेवढी तयारी नसेल तर हद्दीच्या आत राहा. आणि सरासरी पॉवर तीच ठेवून रेट दुप्पट केला तर प्रत्येक पल्स निम्मी होते, म्हणजे प्रश्न ६ चं गणित परत.

१३. समोर काहीच नसताना, पल्स नसतानाही डिटेक्टरला मंद उजेड दिसतो. कुठून?

एएसई. पल्सच्या मधल्या वेळात फायबर पंप होतच असते, आणि धरून ठेवलेली ऊर्जा थोडी थोडी गळत असते. रेट जितका कमी तितकी गळती जास्त, कारण यटर्बियम ऊर्जा साधारण १ मिलिसेकंद धरतं, अर्बियम १० मिलिसेकंदांपर्यंत. १० किलोहर्ट्झच्या खाली काम असेल तर पंपही पल्समध्येच चालवा, पल्सच्या थोडं आधी चालू आणि लगेच बंद. वरच्या रेटला दोन पायऱ्यांमधला फिल्टर पुरतो. अजून राहिलं तर पायऱ्यांमध्ये वेळेवर उघडणारा अकूस्टो-ऑप्टिक मॉड्युलेटर, पण त्याने वजन आणि खर्च दोन्ही वाढतात.

१४. पॉवर मीटर २ वॅट दाखवतो, रेट २ लाख, म्हणजे १० मायक्रोज्यूल. बरोबर ना?

मीटरमध्ये एएसई पण धरलेली आहे. स्पेक्ट्रम बघून ती वजा करा, नाहीतर ग्राहकाला १० सांगाल आणि हातात ७ असतील.

पल्सची लांबी मोजताना स्कोपची बँडविड्थ बघा. ०.३५ ला बँडविड्थने भागा, ती तुमच्या स्कोपची सगळ्यात वेगवान चढण. ५०० मेगाहर्ट्झचा स्कोप ०.७ नॅनोसेकंदांपेक्षा वेगवान काही दाखवूच शकत नाही, त्यावर पल्स छान गुळगुळीत दिसते ती स्कोपची कृपा असते. आणि एक, शेवटच्या पायरीत पल्सचा पुढचा भागच बरीचशी ऊर्जा खाऊन जातो, मागच्याला उरत नाही, म्हणून चौकोनी सोडलेली पल्स पुढून टोकदार होऊन बाहेर येते. सीडला उलटा आकार द्या, हळू चढणारा, म्हणजे बाहेर सरळ येते.

१५. अ‍ॅम्प्लिफायर चालता चालता एकदम मेला. काय झालं असेल?

बहुतेक वेळा दोनातलं एक. पहिलं, सीड गेली आणि पंप चालू राहिला. माझ्याकडे हे झालंय. ट्रिगरची केबल सैल होती, टेबलाला धक्का लागला, सीड बंद पडली आणि पंप पूर्ण ताकदीने चालू. ऊर्जा काढून न्यायला पल्सच नाही, मग फायबर भरत गेली, कुठून तरी परत आलेल्या इवल्याशा प्रकाशावर स्वतःच लेझ झाली आणि उलट्या दिशेने गेलेल्या एका राक्षसी पल्सने मधला आयसोलेटर फोडला. आवाज एवढासा, टिक. त्या दिवसानंतर एकही अ‍ॅम्प्लिफायर मी सीडवर नजर ठेवणाऱ्या फोटोडायोडशिवाय चालू केलेला नाही, सीड दिसली नाही की पंप मायक्रोसेकंदांत बंद, आणि हे सर्किटमध्ये, सॉफ्टवेअरच्या भरवशावर नाही.

दुसरं, स्प्लाइस किंवा कनेक्टरवरची घाण. सरासरी पॉवर काही वॅट असेल आणि टोकाला धुळीचा कण जळाला तर फायबर फ्यूज पेटू शकतो, एक पांढराशुभ्र ठिपका साधारण सेकंदाला मीटरभर वेगाने फायबरमधून मागे, लेझरच्या दिशेने पळत येतो आणि मागे गाभ्यात बुडबुड्यांची माळ सोडून जातो. एवढी फायबर गेलीच.

म्हणून स्प्लाइसिंग. पावसाळ्यात खोलीतला दमटपणा ६० टक्क्यांच्या वर असेल तर स्प्लाइसरच्या इलेक्ट्रोडची ठिणगी डगमगते, रोज सकाळी आर्क कॅलिब्रेशन करून घ्या. कोटिंग काढलं की आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) भिजवलेल्या कागदाने एकाच दिशेला एकदा पुसा, पुढेमागे घासू नका, तो आवाज कुईं असा स्वच्छ आला की समजायचं काच उघडी झाली. क्लीव्हचा (फायबरच्या तोडलेल्या टोकाचा) कोन अर्ध्या अंशाच्या वर असेल तर परत तोडा, कितीही घाई असली तरी. आणि जोड झाल्यावर पंप हळूहळू वाढवत बोटाने नाही, थर्मल कॅमेऱ्याने बघा, गरम जोड तिथे चमकतो.

१६. २०० किलोमीटरवरून लेझरने फोटो काढला म्हणतात, खरं आहे का? त्यासाठी केवढा लेझर लागला?

खरं आहे. चीनच्या हेफेईमधल्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठाच्या गटाने २०२० मध्ये शांघायजवळच्या चोंगमिंग बेटावरून नदीपलीकडची ४५ किलोमीटरवरची इमारत टिपली, आणि २०२१ मध्ये २०० किलोमीटर ओलांडले. मला यातलं सगळ्यात आवडतं ते लेझर. १५५० चा फायबर लेझर, अर्ध्या नॅनोसेकंदाच्या आसपासची पल्स आणि सरासरी पॉवर एका वॅटच्याही खाली! बाकी सगळी कमाई एकेक फोटॉन मोजणाऱ्या डिटेक्टरची, नको तो उजेड गाळणाऱ्या फिल्टरची आणि मोजक्या फोटॉनमधून इमेज बांधणाऱ्या गणिताची. लेझर मोठा करायच्या आधी परतीचा रस्ता सुधारा, हे मी म्हणते तेव्हा लोकांना पटत नाही, त्यांनी हे काम बघावं.

१७. पाऊस, धुकं, धूळ यात १५५० चांगला की १०६४?

धुक्यात फार फरक नाही, थेंब काही मायक्रॉनचे असतात आणि दोन्हींना सारखेच विखुरतात. छोटी पल्स आणि गेटिंग यांनीच मदत होते, जवळच्या धुक्याचा प्रतिध्वनी वेळेवरून वेगळा काढता येतो. (आपल्याला जो विखुरलेला प्रकाश नकोसा तोच पुण्याच्या आयआयटीएमसारख्या (उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था) ठिकाणी हवेतले कण मोजणाऱ्या लायडारचा सिग्नल असतो.) पावसात मात्र १५५० चं एक दुखणं आहे, पाणी तो शोषतं, मिलिमीटरभर थरातच निम्म्याहून जास्त. ओला डांबरी रस्ता, ओली पानं १५५० ला काळी दिसतात. पावसाळ्यात उडवायचं असेल तर प्रश्न ६ च्या हिशोबात १० टक्क्यांच्या जागी ३-४ टक्के धरा.

१८. पाण्याखालचं दिसेल का?

या दोन्हींनी नाही. त्यासाठी हिरवा, म्हणजे १०६४ ची पल्स क्रिस्टलमधून नेऊन ५३२ करायची. तिथे पोलरायझेशन एकाच दिशेचं हवं आणि स्पेक्ट्रम अरुंद, म्हणजे प्रश्न ९ मधलं "फार बाधत नाही" इथे लागू नाही, रुंद झालेला स्पेक्ट्रम क्रिस्टल नीट घेतच नाही. आणि कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात गढूळ पाण्यात हिरवाही फार खोल जात नाही. तिथे हिवाळा-उन्हाळा. हिरव्याला डोळ्याची हद्द सगळ्यात कडक, हेही विसरू नका.

१९. अंतराबरोबर झाडाचा प्रकार, ओलावा वगैरे पण कळेल का?

कळू शकतं. पिकोसेकंद किंवा नॅनोसेकंदाची पल्स छिद्रं असलेल्या खास फायबरमध्ये सोडली की पांढरा प्रकाश होतो, सुपरकंटिन्युअम. प्रश्न ९ मध्ये ज्या गोष्टींशी आपण भांडतो त्याच इथे मुद्दाम घडवून आणतात. फिनलंडच्या जिओडेटिक संस्थेने २०१२ मध्ये असं आठ तरंगलांब्यांचं लायडार दाखवलं होतं. अडचण अशी की ऊर्जा सगळ्या रंगांत वाटली जाते, प्रत्येक रंगाला थोडी थोडी, त्यामुळे सध्या ते जवळच्या अंतराचंच काम आहे.

२०. फेम्टोसेकंद हवेच असतील तर? पीक पॉवर तर हजारो पट होईल.

मग पल्स आधी ताणायची, ताणलेली वाढवायची, शेवटी परत दाबायची. डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांनी १९८५ मध्ये रॉचेस्टरला हे केलं, नोबेल मिळालं २०१८ मध्ये, आणि पल्स ताणायला त्यांनी वापरली होती १.४ किलोमीटर साधी फायबर. आता ते काम बोटाएवढ्या फायबर ग्रेटिंगमध्ये होतं. पण दाबायला शेवटी हवेतली ग्रेटिंगची जोडी लागते, तिची अलाइनमेंट लागते, म्हणजे प्रश्न ४ मधला "आत हलायला काही नाही" हा फायदा गेला.

२१. भारतात डोप केलेली फायबर मिळते का? शिकायला कुठे जाऊ?

कोलकात्याची सीजीसीआरआय ही सीएसआयआरची काच आणि सिरॅमिक संशोधन संस्था यटर्बियम, अर्बियमच्या फायबर स्वतः ओढते. इंदूरच्या आरआरकॅटमध्ये (अणुऊर्जा विभागाची प्रगत तंत्रज्ञान संस्था) फायबर लेझरवर बरंच काम आहे. मुंबईत टीआयएफआरला (टाटा मूलभूत संशोधन संस्था) छोट्या पल्सचं विज्ञान शिकता येतं. बाकी पंप डायोड, कॉम्बायनर अजून बाहेरूनच मागवावे लागतात, दोन-तीन महिने धरून चला आणि प्रत्येक गोष्ट दोन-दोन मागवा.

२२. टेबलावर सगळे आकडे आले, ड्रोनवर लावलं की पॉवर ३० टक्के कमी. काय तपासू?

या क्रमाने. पहिलं, पंपचं तापमान, म्हणजे प्रश्न १०. दुसरं, कुठे फायबर बॉक्सच्या झाकणाखाली दबलीय का, झाकण स्क्रू सैल करून पॉवर परत येते का बघा, मला दोनदा असंच सापडलंय. तिसरं, पोलरायझेशन, साधी फायबर मोटरच्या थरथरीने प्रकाशाच्या कंपनाची दिशा फिरवत राहते आणि पुढे पोलरायझेशनवर चालणारा एखादा भाग असेल तर पॉवर वरखाली होते, स्थिर कमी होणार नाही. स्थिर कमी असेल तर वरचे दोनच. आणि हे सगळं ड्रोन जमिनीवर ठेवून, पंखे फिरवत, बीम डब्यात बंद करून करा, हवेत उडवून नाही.